कालचा चमचा

खानावळीच्या पाटीवर एकच पदार्थ मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता: आंबट. त्याखाली बारीक अक्षरांत, 'आईच्या गावचं, आईच्या हातचं'. आई जाऊन आठ महिने झाले होते, तरी पाटी तशीच होती. ती उतरवायला शिडी लागली असती, आणि मालकाला त्यात खोटं काही वाटतही नव्हतं. आईनं शिकवलं तसंच तो रोज करत होता.

आंबट म्हणजे भरड दळलेल्या धान्याचं आंबवलेलं पीठ. ते रुंद पानात गुंडाळून वाफवायचं, गार झालं की बोटभर जाडीचे काप करायचे, तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करायचे आणि लसणाच्या तेलाबरोबर खायचे. आईचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर, डोंगरापलीकडे होतं. त्या बाजूच्या सातआठ गावांबाहेर हा पदार्थ कुणाला ठाऊक नव्हता, आणि या शहरात तो एकाच ठिकाणी मिळायचा.

करायची रीतही आईचीच. पीठ आंबवायला आधीचं जुनं पीठ लागतं, म्हणून प्रत्येक घाण्यातलं थोडं मागे ठेवायचं. त्याशिवाय एका वाटीत कालच्या पिठाचा एक चमचा झाकून ठेवायचा. सकाळी आधी तो चाखायचा, मग आजचं पीठ. आज कमी आंबलं असेल तर थांबायचं, जास्त आंबलं असेल तर ताजं पीठ मिसळायचं. दोन्ही सारखं लागलं की पानं उघडून त्यांत पीठ घालायचं. "कालच्याला विचारून आजचं कर," आई म्हणायची. एकवीस वर्षांत त्यानं हे एकदाही चुकवलं नव्हतं. ताप असला तरी तो खाली यायचा, दोन्ही चाखायचा आणि परत वर जाऊन झोपायचा.

गिऱ्हाइकं त्याला मालक म्हणत, बायको अहो म्हणे, आणि आई शेवटपर्यंत धाकट्या म्हणत राहिली. थोरला असा कुणी नव्हताच. घरात पुरुष दोघं, बाप आणि हा, म्हणून हा धाकटा. आता त्याला त्या नावानं हाक मारणारा एकच माणूस उरला होता. आईचा भाऊ.

मामांचा फोन रविवारी आला. "मंगळवारी येतोय. शनिवारी सकाळची परतीची गाडी आहे. आंबट खायला येतोय असं समज."

"या ना मामा. तुमचंच दुकान आहे."

फोन ठेवल्यावर मालक बायकोला म्हणाला, "मामांनी एकदा खाऊन सांगितलं ना, की ताईसारखं झालंय, की मी सुटलो."

"सुटलात कशातून?" बायकोनं विचारलं.

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काटक, दात सगळे स्वतःचे. मंगळवारी साडेदहाला खानावळीत शिरले, भिंतीकडच्या टेबलावर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. शेजारच्या टेबलावर घड्याळजी होते. समोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि चौदा वर्षं त्यांचा नाश्ता इथंच होत होता.

मालकानं स्वतः काप भाजले, स्वतः ताटली आणली आणि टेबलाशी उभा राहिला. त्याचं लक्ष मामांच्या डाव्या डोळ्याकडे होतं. आईच्या माहेरची एक साधी कसोटी होती. आंबट जमलं असेल तर पहिल्या घासाला एक डोळा आपोआप मिटतो. लहानपणी तिथं पंगतीला ओळीनं सगळ्यांचे डोळे मिटताना त्यानं पाहिले होते. आजोबांचा उजवा, मामांचा डावा, आईचा डावा.

मामांनी पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. चारही काप संपवले, बोटं पुसली. डोळे दोन्ही उघडे होते.

"छान आहे," ते म्हणाले. "खुसखुशीत आहे. तेलही बेतानं आहे. आपलं कधी आणतोस?"

"आपलं?"

"आंबट. मला वाटलं, हे आधी देतात, भूक लागायला."

मालक हसला. मामा पहिल्यापासून थट्टेखोर. मग त्याच्या लक्षात आलं की मामा हसत नाहीयेत.

"मामा, हेच आंबट."

मामांनी पाटीकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. ताटलीत तेलाचा ओघळ उरला होता. "अस्सं," ते म्हणाले.

घड्याळजींना राहवलं नाही. "अहो पाहुणे, चौदा वर्षं खातोय मी. कणभर फरक नाही. तस्सं म्हणजे तस्सं!"

"असेल ना," मामा म्हणाले. "चांगलंच आहे की. वाईट कोण म्हणतंय?" आणि जरा थांबून, भाच्याकडे न पाहता, "फक्त नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं झालंय."

घड्याळजी मोठ्यानं हसले. मालकानं ताटली उचलली आणि ती आत नेऊन ठेवायचं विसरून हातातच धरून उभा राहिला.

त्या एका दुपारी त्याला एकवीस वर्षांचा हिशोब लागला. कोडं असं काही नव्हतंच. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करत, तेव्हा दोन दिवस आंबणारं पीठ त्यानं दीड दिवसावर आणलं होतं. थोडंच कमी. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवसावर. एका वर्षी धान्य कडवट आलं म्हणून चिमूटभर साखर घातली. पुढच्या वर्षी धान्य चांगलं आलं, पण चिमूट राहिली, कारण कालच्या चमच्यात ती होती. प्रत्येक दिवस त्यानं आदल्या दिवसाशी इमानानं जुळवला होता. आदला दिवस कशाशी जुळतो, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

पण हे सगळं परत फिरवता येण्यासारखं होतं. परत न फिरणारी गोष्ट वेगळी होती, आणि ती मामांनी दुपारी जेवताना पाहिली. गल्ल्यामागच्या फळीवर एक तपकिरी बरणी होती, गळ्याजवळ टवका उडालेली.

"ही ताईची बरणी!" मामा उठले. त्यांना इतकं भराभर चालता येत असेल असं कुणाला वाटलं नसतं. "धाकट्या, मग काळजी कसली? हिच्यातलं काढ ना! मी तर घाबरलोच होतो."

त्यांनी झाकण उचललं. आत मीठ होतं.

मामांनी बोटानं थोडं मीठ बाजूला सारून पाहिलं. मग झाकण ठेवलं, नीट बसलंय का ते दाबून पाहिलं, आणि परत येऊन बसले.

आई दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची. खिडकीखाली ती बरणी, वर ओला फडका. आठवड्यातून एकदा आई स्वतःपुरतं आंबट करायची, जुन्या पद्धतीनं, दोन दिवसांचं. दरवेळी दोन काप त्याच्यासाठी ठेवायची. दरवेळी तो म्हणायचा, "आई, दिवसभर तेच चाखतोय गं. जीभ नुसती विटून गेलीय." बायकोला पित्ताचा त्रास, ती आंबट वस्तूला हात लावत नसे. ते दोन काप आईच संध्याकाळी खायची.

एकदा, चार वर्षांपूर्वी, आई जिना उतरून खाली आली होती. गुडघ्यांमुळे ती सहसा उतरत नसे. तिनं दुकानाचं पीठ चाखलं आणि म्हणाली, "तुझं वेगळं झालंय रे. माझ्यातलं वाटीभर घेऊन ये खाली. मिसळ."

"दुकानाचं वेगळंच असतं आई. गिऱ्हाईक खातं ते करायचं."

"ते कर. पण वाटीभर घेऊन ठेव."

"बघू, सोमवारी." सोमवारी दुकान बंद असे.

ती गेल्यानंतर खोली आवरताना बायकोनं विचारलं होतं, "या बरणीचं काय करू?" फडका वाळला होता, पण आत पीठ जिवंत होतं. त्याला बुडबुडे दिसले होते. त्याला ते आता अगदी स्पष्ट आठवत होतं. तो म्हणाला होता, "खाली आहेच की आपल्याकडे." बायकोला जड उचलू द्यायचं नाही म्हणून त्यानं स्वतःच बरणी मोरीत नेली, उकळत्या पाण्यानं दोनदा धुतली, आतून ब्रशनं घासली आणि दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवली. आईची वस्तू, म्हणून जपून.

"मी धुतली मामा," तो म्हणाला.

"दिसलं," मामा म्हणाले.

मग मामांनी सोबतची पिशवी टेबलावर ठेवली. "आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?" पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काचेची बरणी निघाली, रिकामी. "मामी दवाखान्यात होती ना, तीन आठवडे. मी तिच्यापाशी. घरच्या पिठाकडे बघणार कोण? आलो तेव्हा वर हिरवी बुरशी आणि खाली दगड. आमच्या गावात आता चारच घरं राहिलीत, त्यांत कुणी करत नाही. शेजारच्या गावात विचारलं. तिथं म्हणाले, अहो, तुमच्या भाच्याचं तर दुकानच आहे."

"पण तुम्ही आईकडून आधी का नाही नेलंत? ती होती तेव्हा?"

"तेव्हा आमचं होतं की. आणि ती फोनवर काय म्हणायची, सांगू? म्हणायची, मी गेले तरी चिंता नाही. धाकटा अगदी आपल्यासारखं करतो."

मालकानं हातातला घास खाली ठेवला.

"असं म्हणायची?"

"दर फोनला."

बुधवारी सकाळी त्यानं कामाला सुरुवात केली. जुनं पीठ मेलं होतं, पण दुकानाचं पीठ त्याच पिठाचं पोर होतं. साखर बंद करून, जास्त वेळ ठेवून, गार जागी, उबदार जागी, कुठल्यातरी वाटेनं ते मागे जाईल अशी त्याला आशा होती. चव ओळखणारी जीभ शनिवारपर्यंत घरात होती. त्यानं चार पातेली लावली, खडूनं झाकणांवर एक ते चार आकडे घातले, आणि कशात काय केलं ते बायकोनं वहीत लिहून ठेवलं.

बुधवारी संध्याकाळी मामांनी चारही चाखली. "हा आंबटपणा जिभेवर राहतोय. आपला इथं यायचा," त्यांनी कानाखाली, जबड्याच्या मागे बोट ठेवलं. "आणि मागे एक कडसर चव असायची. भिजलेल्या लाकडासारखी."

"लाकूड खाल्लंय का तुम्ही कधी?" बायकोनं विचारलं.

"सूनबाई, लहानपणी ताईनं मला काय काय खायला लावलंय, विचारू नकोस."

गुरुवारी सकाळी पुन्हा चार. दुपारी तीन. मामा न कुरकुरता चाखत होते. प्रत्येक घासानंतर पाणी पीत, डोळे मिटून आठवत, आणि मान हलवत. नाही. दुपारच्या तिसऱ्या नंबराला त्यांचा डावा डोळा किंचित बारीक झाला.

"हे जवळ आहे," ते म्हणाले. "थांब, अजून दे. हो. कानाखाली आलं."

मालक जागेवरून उठला आणि परत बसला. मग त्यानं वहीत तीन नंबराभोवती गोल काढला. त्या संध्याकाळी दुकानातही त्यानं तेच पीठ लावलं. घरी जाताना डोकावलेल्या घड्याळजींनी एक काप खाऊन ताटली पुढे सरकवली. "मालक, आज बिघडलंय हो. आंबलंय."

"आंबटच आहे ते, घड्याळजी."

"म्हणून काय इतकं?"

मालकाला त्या तक्रारीचा आनंद झाला. तो आत येऊन बायकोला म्हणाला, "चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ताटली टाकली. म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत."

बायको वहीकडे बघत होती. "अकरा झाली कालपासून. अहो, मामांची जीभ दमवताय तुम्ही. जरा थांबा."

"शनिवारी ते जाणार. थांबून कसं चालेल?"

शुक्रवारी सकाळी त्यानं तीन नंबरचंच पीठ पुन्हा दिलं. मामा म्हणाले, "नाही. हे लांब गेलं." त्यानं दुसरं एक दिलं. "हे? हे पण नाही. की हो? परत दे." तेराव्या वाटीला ते म्हणाले जवळ, चौदाव्याला म्हणाले जास्त जवळ, आणि चौदावी ही कालची पहिली होती, जिला त्यांनी सरळ नाही म्हटलं होतं.

मालक थोडा वेळ तव्यासमोर उभा राहिला. मग त्यानं मामांना न सांगता रोजच्या दुकानच्या पिठाचे दोन काप भाजले. एक दिवसाचं, चिमूटभर साखरेचं. मंगळवारी जे खाऊन मामांनी विचारलं होतं, आपलं कधी आणतोस, तेच.

मामांनी खाल्लं. हळूहळू चावलं.

"हे," ते म्हणाले. "हे ओळखीचं वाटतंय धाकट्या. हे खूपच ओळखीचं आहे."

बायकोनं वही मिटली.

मालकानं तेलाची वाटी पुढे सरकवली. पण मामा आयुष्यभर माणसांच्या तोंडाकडे बघून बोलत आले होते. त्यांनी भाच्याकडे पाहिलं, ताटलीतल्या उरलेल्या कापाकडे पाहिलं, तो उचलून वास घेतला आणि खाली ठेवला.

"दुकानचं आहे का?"

"हो."

"मंगळवारी स्पष्ट आठवत होतं बघ," मामा म्हणाले. "गाडीत बसलो होतो तेव्हा तर तोंडात होतं. आता आठवायला गेलो की तुझ्या वाट्या आठवतात."

"माझी चूक झाली मामा. मी एवढं चाखायला लावायला नको होतं."

"तू काय करणार? तुला तरी दुसरी कुठली जीभ होती?"

ते वर जाऊन ताईच्या खोलीत पडून राहिले. संध्याकाळी त्यांनी फक्त दूध घेतलं.

शनिवारी गाडी नऊला होती. मालकानं सातला ताटली आणली. तीन नंबरचं पीठ, रात्रभर आणखी ठेवलेलं. त्याला आता उत्तर नको होतं. पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं, एवढंच. तरी सवयीनं तो टेबलाशी उभा राहिला आणि सवयीनंच त्याची नजर मामांच्या डाव्या डोळ्यावर गेली.

मामांनी काप उचलला, तेलात बुडवला. त्यांचा डावा डोळा घट्ट मिटला. मग त्यांनी काप तोंडात घातला.

"हेच," ते म्हणाले. "जमलं रे. अगदी ताईसारखं."

हे शब्द ऐकायला तो आठवडाभर, खरं तर आठ महिने, थांबला होता. दर फोनला असंच म्हणणारी आई त्याला दिसली. खिडकीखाली बसलेली, एका हातात फोन, समोर ताटलीत त्याच्या वाटचे दोन काप.

"हो ना?" तो म्हणाला.

"मग! भर बरणी. मामी वाट बघतेय."

त्यानं काचेची बरणी गरम पाण्यानं धुतली, पुसली, तीन नंबरचं पीठ तीनचतुर्थांश भरलं, वर जागा सोडली, झाकणाखाली फडका बांधला. मामांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत उभी ठेवली. गाडीपर्यंत पिशवी त्यांनी भाच्याला उचलू दिली नाही.

दहा दिवसांनी मामींचा फोन आला. आवाज अजून खोल होता. "खाल्लं रे आम्ही. छान झालं होतं. मी म्हटलं, ताईंचीच चव." मागे मामांच्या खोकल्याचा आवाज आला. "आणि हो, ताईंची बरणी आहे ना रे अजून? तपकिरी? सासूबाईंनी दिली होती ती त्यांना."

"आहे मामी."

"जप हो तेवढी."

"हो."

फोन ठेवून त्यानं फळीवरची बरणी खाली घेतली. मीठ डब्यात ओतलं, बरणी कोरड्या फडक्यानं आतून पुसली आणि रिकामीच पुन्हा फळीवर ठेवली. दुकान उघडायला तासभर होता. घड्याळजी वेळेचे पक्के, साडेदहाला येणारच. तीन नंबरचं पीठ मामा गेल्यापासून कुणी मागितलं नव्हतं; दुकानात पुन्हा रोजचंच लागत होतं.

त्यानं वाटीवरचं झाकण काढलं, कालचा चमचा चाखला, मग आजचं पीठ चाखलं. दोन्ही सारखं होतं. तो पानं उघडायला लागला.